डिसेंबरातली गळती

डिसेंबरात छत गळतंय असं ठाण्यात कुणाला सांगितलं, की तो आधी तुमच्याकडे बघतो आणि मग आभाळाकडे. आम्ही नौपाड्यात एका जुन्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे हे बघणं माझ्या चांगलंच ओळखीचं आहे. गणपतीत गळलं तर शेजारीपाजारी हळहळतात, बादल्या आणून देतात, कुणाच्या तरी माळ्यावरून ताडपत्री निघते. थंडीत गळलं की मात्र सेक्रेटरी म्हणतात, "वहिनी, आता कुठाय पाऊस?"

पाऊस नसतो हे खरं. पण छताला ओल धरलेली असते, रंगाला फुगे आलेले असतात आणि कपाटावर रोज सकाळी पांढरी भुकटी पडलेली असते. सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर खाली उतरतात, पाणी उडून जातं आणि क्षार तेवढे मागे राहतात. भुकटी दिसली म्हणजे पाणी स्लॅबच्या पोटातून आलंय, एवढं नक्की. कुठून आलं, हा पुढचा प्रश्न. आणि तो सोडवायला थंडीसारखा हंगाम नाही. पावसाळ्यात सगळीकडूनच पाणी येत असतं, तेव्हा कुणावरही आळ घेता येतो.

माझ्या नवऱ्याची पद्धत साधी आहे. ओलीच्या डागाभोवती तो पेन्सिलीने रेघ ओढतो आणि बाजूला तारीख लिहितो. पंधरवड्याने पुन्हा रेघ. कोरड्या हवेत डाग रेघेच्या बाहेर सरकला, तर दोष गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा नाहीतर एखाद्या नळाचा. मग रात्रभर टाकीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून बघायचं, बॉलकॉक बिघडून टाकी उतू जात नाही ना ते तपासायचं. डाग रेघेच्या आत आक्रसत गेला, तर ते पावसाचंच पाणी, उशिरा पोचलेलं. आणि भिंतीवर नुसता दमटपणा असेल तर डागावर अॅल्युमिनियमच्या फॉइलचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून ठेवायचा. दोन दिवसांनी फॉइलच्या बाहेरून थेंब दिसले तर ती खोलीतली वाफ आहे, आतून दिसले तर भिंतीतली ओल. आमच्या बेडरूमच्या छतावर अशा रेघा इतक्या झाल्या आहेत की रंगारी आला की आधी कपाळाला हात लावतो.

पावसाचं पाणी डिसेंबरात कसं पोचतं, हे मला लग्न होऊन या घरात आल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं. आमच्यासारख्या इमारतींच्या गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. मिस्त्री त्याला ब्रिकबॅट म्हणतात. स्लॅब सपाट असतो; त्यावर विटांचे तुकडे सिमेंटच्या मालात बसवून ढाळ काढायचा, साधारण शंभर फुटांना एक फूट; वरून माल घोटून घ्यायचा; कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तिथे गोलसर वाटा भरायचा, म्हणजे कोपऱ्यात फट राहत नाही. हे सगळं धडधाकट आहे तोवर ठीक. वरच्या थराला एकदा तडा गेला की पाणी आत शिरतं आणि वीट ते पीत राहते. चार महिने प्यायलेलं पाणी ऑक्टोबरच्या उन्हात वरवर वाळतं. खाली राहिलेलं मात्र स्लॅबमधून आठवडेच्या आठवडे पाझरत असतं. तेही तड्याच्या बरोब्बर खाली नाही. कोब्यात ते आडवं फिरतं आणि स्लॅबला जिथे कमजोर जागा सापडेल तिथून खाली येतं. म्हणून डाग बेडरूममध्ये आणि दुखणं पार जिन्याजवळ, असं होतं. आत सळईला गंज चढला तर आणखी वाईट, कारण गंजलेलं लोखंड फुगतं आणि खालचं सिमेंट ढकलून देतं. आपण ज्याला छताचे पोपडे म्हणतो ते बऱ्याचदा तेच.

सासूबाई मूळच्या दापोलीकडच्या. त्यांना सपाट छप्पर ही कल्पनाच मान्य नाही. ठाण्यात अर्धं आयुष्य काढूनही त्या गच्चीला छप्पर म्हणायला तयार नसतात. "पाण्याला पाट मांडून बसवता तुम्ही, आणि मग उठत नाही म्हणून रडता," असं त्या ऐकवतात.

त्यांच्या माहेरी मंगलोरी कौलांचं घर होतं. (ही कौलं मंगळूरला १८६५ साली बासेल मिशनने काढलेल्या कारखान्यातून सुरू झाली. कोकणातल्या अनेक जुन्या कौलांच्या पाठीवर अजून तिथल्या कारखान्यांची नावं वाचता येतात.) दर उन्हाळ्यात घर शाकारायचं हे ठरलेलं. कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, शेवाळ खरवडायचं, सडलेली रीप बदलायची, आणि दोन पाखं मिळतात त्या खाचेत वर्षभर साठलेला पाला उपसायचा. त्या खाचेवर सासूबाईंचा फार जोर. सबंध छप्पर नवं असलं आणि तेवढी खाच तुंबलेली राहिली, तर माजघरात पाणी येणार म्हणजे येणार. शाकारणारा गडी पाय वाशावर ठेवून चालायचा, मधे कौलावर नाही. आणि खालून पोरांनी कौलं हातोहात वर पोचवायची. माकडं कौलं फोडतात म्हणून आता तिकडे पुष्कळांनी पत्रे घातले आहेत, पण ते वेगळंच दुखणं.

शाकारणीचं वर्णन ऐकताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. कौलं पाणी अडवत नाहीत. एकावर एक नुसती टेकलेली असतात, मधे फटी असतात, वारा खेळतो, उजेडाचे कवडसे आत येतात. तरी घर कोरडं राहतं, कारण पाण्याला थांबायला उसंतच मिळत नाही. ते पडलं की निघालं, पागोळ्यांनी खाली. त्याच कौलांवर बोटभर पाणी तुंबवून ठेवा, पाचव्या मिनिटाला घरात तळं होईल. गच्चीचंही खरं तर हेच आहे. आपण मात्र पाणी आत येऊ नये म्हणून काय लावायचं ते विचारत बसतो. पाणी बाहेर कुठून जाणार, हे कुणी विचारत नाही.

आता थोडा हिशेब. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमची गच्ची अदमासे दोनशे चौरस मीटर. तासाला ५० मिलिमीटर हा जुलैत काही नवलाचा पाऊस नव्हे. तेवढ्यात गच्चीवर दहा हजार लिटर पाणी पडतं, म्हणजे तासाला एक मोठा टँकर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तेवढा आमच्या गच्चीवर पडला, तर जवळजवळ एकोणीस टँकर होतात. आणि हे सगळं जायचं कुठून, तर दोन कोपऱ्यांतल्या दोन चार-इंची पाईपांतून, ज्यांच्या तोंडावर तळहाताएवढी जाळी आहे. त्या जाळीवर पाला बसला आणि गच्चीवर नुसतं एक इंच पाणी उभं राहिलं, तरी आमच्या डोक्यावर पाच टन वजन वाढतं. हे मी सोसायटीच्या सभेत एकदा फळ्यावर मांडून दाखवलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पार्किंगचा विषय सुरू झाला.

म्हणून गच्चीची सफाई आम्ही घरच्या घरी करतो. पूर्वी मृग नक्षत्र लागायच्या आधीचा रविवार धरायचो, म्हणजे जूनचा पहिला आठवडा. मुंबईत मोसमी पाऊस यायची नेहमीची तारीख ११ जून. पण २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच दाखल झाला, तेव्हापासून आम्ही मेच्या सुरुवातीलाच उरकून घेतो. शिवाय एक फेरी ऑगस्टात, एखाद्या उघडिपीच्या दिवशी. ती फेरी लोक विसरतात. खरा घोटाळा तेव्हाच होतो, कारण जूनच्या पहिल्या वादळी सरींनी झाडांचा सगळा चुरा गच्चीवर आणून टाकलेला असतो.

पहिलं काम कबुतरांचं. वाळलेली विष्ठा कोरडी झाडली तर तिची धूळ छातीत जाते आणि फुप्फुसाचा चिवट आजार होऊ शकतो. म्हणून आधी पाणी शिंपडायचं, तोंडाला मास्क लावायचा आणि मग खराटा. हे लेकीचं फर्मान, आणि ती या बाबतीत कुणाचं ऐकत नाही. मग जाळ्या उघडायच्या. मुलगा घमेलं घेऊन बसतो आणि पाईपच्या तोंडातून जे निघेल ते मोठ्याने जाहीर करतो. कोजागरीच्या मसाला दुधाचे कागदी पेले. दिवाळीतल्या रॉकेटच्या काड्या. एकतीस डिसेंबरची बुचं, ज्यांचा मालक कोण हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही. धुळवडीच्या फुग्यांचं फाटकं रबर. उन्हाळ्यातल्या वाळवणाच्या प्लॅस्टिकच्या चिंध्या, आणि एखादी दगडासारखी झालेली कुरडई, जी आमची नाही असं सासूबाई ठासून सांगतात. कावळ्याने घरट्यासाठी आणलेल्या तारा. आणि या सगळ्याला करकचून बांधून ठेवणारा संक्रांतीचा मांजा. पाला एकटा असला तर पाण्याच्या जोराने कधी ना कधी निघून तरी जातो. मांजात गुंतला की त्याचा बोळा होतो आणि तो हलत नाही.

फाटकाजवळचा गुलमोहर हे आमचं वेगळं प्रकरण. त्याची फुलं सगळ्यांना आवडतात. पानं कुणी बघत नाही. पान कसलं, बारीक बारीक पाती. मोठ्या भोकांच्या जाळीतून ती सरळ आत जातात आणि बारीक जाळीवर त्यांची गादी बसते. सपाट जाळीला यावर उपाय नाही. आम्ही आता वर उचललेली घुमटी जाळी बसवली आहे. तिच्या पायथ्याशी पाला साठला तरी वरच्या भोकांतून पाणी जात राहतं. हार्डवेअरच्या दुकानात मिळते, महागही नाही. गेली कित्येक वर्षं ही जाळी का नव्हती, याचं उत्तर कुणाकडेच नाही.

दीर कळव्याहून येतात, स्वतःचा बांबू घेऊन. तुंबलेला पाईप वरून ढोसून मोकळा करायचा हा त्यांचा बाणा. जे आहे ते आधी वरूनच बाहेर काढायचं हा माझ्या नवऱ्याचा. या वादात मी नवऱ्याच्या बाजूने आहे, आणि ते माझे यजमान आहेत म्हणून नव्हे. बोळा खाली ढकलला की तो खालच्या वळणावर जाऊन बसतो, आणि मग ना बांबू पोचत ना हात. प्लंबरची स्प्रिंग आणावी लागते नाहीतर पाईप कापावा लागतो. पण दिरांना बांबू हातात असल्याशिवाय आलो-गेलो असं वाटत नाही, म्हणून मोकळ्या झालेल्या पाईपमध्ये त्यांना एकदा बांबू घालू देतात. शेवटी लेक खाली अंगणात पाईपच्या तोंडाशी उभी राहते, फोन कानाला. वरून बादली ओतली जाते. "आलं का?" "नाही... थांबा... आलं, आलं! अहो बाबा, बास, माझ्या अंगावर आलं!" या परीक्षेशिवाय काम संपलं असं धरत नाहीत. जाळी स्वच्छ दिसते म्हणजे पाईप मोकळा आहे असं नव्हे.

सासूबाई जिन्याच्या दारात खुर्ची टाकून छत्री उघडून बसतात आणि कुंड्या उचलायला लावतात. कुंडीखाली कायम ओल राहते, मुळं तळाच्या भोकातून निघून कोब्यात शिरतात. कठड्याच्या बाहेरच्या अंगाला पाईपपाशी पिंपळ उगवला आहे, त्याला मात्र आमच्यापैकी कुणी हात लावत नाही. तो नुसता वरून तोडून उपयोग नाही, मुळं काढून फट भरावी लागते, आणि त्यासाठी दोरावर उतरणारी माणसं लागतात. कठड्यावर चढून कुणी मर्दुमकी दाखवायची नाही, हा नियम मुलगा बारावीत असताना झाला. का झाला ते त्याला विचारा.

माझी मावसबहीण मिनेसोटात राहते. तिला मे महिन्यातल्या आमच्या या उद्योगाचं वर्णन केलं तर ती म्हणाली, "अगं, आमचं हेच ऑक्टोबरात असतं." तिकडे पानगळ संपली आणि पहिला बर्फ पडायचा बाकी आहे, एवढ्या फटीत छपराच्या कडेच्या पन्हळी साफ करून घ्यायच्या. शिडी भिंतीला लावताना चार फूट उंचीला एक फूट पाय बाहेर, आणि खाली एकाने शिडी धरून उभं राहायचंच. ते काम तिच्या मुलाचं. सुक्या मेपलच्या पानांनी भरलेली पन्हळ थंडीत गोठून दगड होते, हे मला कळण्यासारखं होतं. पुढचं ऐकून मी चाट पडले. शून्याखाली वीस अंश असताना तिच्या दिवाणखान्याचं छत गळलं होतं.

झालं असं, की घरातली ऊब पोटमाळ्यावर चढली आणि छपराचा वरचा भाग तापला. त्यावरचा बर्फ तळातून वितळला. पाणी उतारावरून खाली आलं; पण छपराची कड घराच्या भिंतीबाहेर, तिथे ऊब नाही, म्हणून ते कडेला पोचताच पुन्हा गोठलं. असं होता होता कडेला बर्फाचा बांध तयार झाला आणि वरून येणारं पाणी त्यामागे साचलं. तिथली छपरं डांबरी पट्ट्यांची असतात, खिळ्यांनी ठोकलेल्या, पण कौलांसारख्याच एकावर एक चढवलेल्या. साचलेलं पाणी पट्ट्यांच्या खालून उलटं वर चढलं आणि घरात उतरलं. तिच्या नवऱ्याने हातोडीने बर्फ फोडायला घेतला, तर बर्फाबरोबर पट्ट्यांचेही तुकडे उडाले. आता ते लांब दांड्याच्या फावड्याने जमिनीवरूनच कडेचा बर्फ ओढून घेतात, आणि बांध झालाच तर जुन्या मोज्यात कॅल्शियम क्लोराइड भरून त्यावर आडवा टाकतात, म्हणजे बर्फात पाण्यापुरती चर पडते. पण खरा इलाज पोटमाळ्याच्या जमिनीवर जाड अस्तर घालून फटी बुजवण्याचा. पन्हळी कितीही घासल्या तरी घरातली ऊब छपराला लागत राहिली तर बांध होणारच.

सासूबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "छपराला उतार आहे ना तिच्या? मग पाणी थांबलं कशाला?" बर्फ म्हटल्यावर क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तिकडेही कडेलाच अडलं." कोकण, ठाणं आणि मिनेसोटा यांच्यात त्यांना फारसा फरक दिसला नाही, आणि तपशील सोडला तर मलाही दिसत नाही.

सोसायटीत मात्र या सफाईबद्दल एक आक्षेप नेहमी येतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत गच्चीची आणि पावसाच्या पाण्याने होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने करायची असं आहे. घरातल्या मोरीच्या, संडासाच्या गळतीचा खर्च ज्याचा त्याने. तेव्हा, "तुम्ही घरच्या घरी करता म्हणून कमिटीला जाग येत नाही," असं दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणतात. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. पण उपविधी खर्च कुणाचा एवढंच सांगतात. शनिवारी रात्री वारा सुटला तर रविवारी सकाळी जाळीवरचा पाला कुणी उचलायचा, ते कुठेही लिहिलेलं नाही. आणि छत आमचं आहे.

माझा खरा वाद आहे तो डब्यांतल्या औषधांशी. दर वर्षी कुणीतरी सुचवतं की गच्चीवर अमुक रसायनाचा थर द्या, पाच वर्षं बघायला नको. थर देणारे येतात तेही एप्रिलच्या शेवटी, घाईने, ढाळ न तपासता. कोबा आतून ओला असताना वरून थर मारला तर आतली वाफ बाहेर पडायला जागा राहत नाही; थराला फोड येतात आणि पहिल्या पावसात तो सोलून निघतो. त्याहून वाईट म्हणजे जुना कोबा न काढता त्यावर नवा घालणं. गळती तात्पुरती थांबते आणि जुन्या स्लॅबवर आणखी काही टन कायमचे बसतात. पत्र्याची शेड घालण्याचाही एक पक्ष आहे. शेड चांगली, पण तिलाही पन्हळ असते, आणि आज दोन जाळ्या साफ न करणारी सोसायटी उद्या साठ फुटांची पन्हळ साफ करील यावर माझा विश्वास नाही. सेक्रेटरींना हे मी अधिक सौम्य शब्दांत सांगितलं आहे.

तडा आहे तिथे सफाई पुरत नाही, हेही खरं. बेडरूमच्या वरचा वाटा सुटलेला आहे, तो फोडून नव्याने भरायचा आहे, आणि झाल्यावर पाईपांची तोंडं बंद करून तिथे पाणी साठवून दोन दिवस बघायचं आहे. अशी कामं कोबा वाळल्यावरच करावीत, म्हणजे थंडीत नाहीतर उन्हाळ्याच्या तोंडी. यंदा खर्चाला मंजुरी मिळाली, हे आश्चर्यच. मिस्त्री उद्याच यायला तयार होते. मी त्यांना संक्रांतीनंतरचं या म्हणून सांगितलं. त्याआधी वाटा भरला, तर पतंगवाली पोरं ओल्या मालावरून धावणार आणि परत मिस्त्रीलाच बोलवावं लागणार.